संन्यासी सेनापती : स्वामी रामानंद तीर्थ

संस्थानच्या कार्यालयात देणगी पावतीच्या खिडकीशेजारी संतमहात्म्यांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. त्यांपैकी एक तसबीर भगवी वस्त्रे परिधान केलेल्या संन्याशाची आहे. हे स्वामी कोणत्या मठाचे, यांची गादी कोठे, यांच्या नावाने कोणता उत्सव भरतो, अशी विचारणा परगावचे भाविक वरचेवर करतात. नांदेड-लातूर भागातील भक्तांना तसे विचारावे लागत नाही; तथापि त्यांच्याही तरुण पिढीला या महापुरुषाचे नाव विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरूनच ठाऊक असते. यास्तव स्वामी रामानंद तीर्थ यांचा अल्प चरित्रपरिचय या पुस्तिकेत देत आहोत. स्वामीजींनी गादी चालविली नाही आणि मठ वाढविला नाही. आज आपण ज्या मोकळेपणाने माहूरगडाची पायरी चढतो, मराठीत फलक लिहितो, पालखीपुढे जयजयकार करतो, त्या मोकळेपणाशी मात्र त्यांच्या तपश्चर्येचा निकटचा संबंध आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. घराणे सामान्य, वृत्ती धार्मिक. शिक्षणासाठी ते सोलापुरास असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या वार्तेने व्याकूळ झालेल्या या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. सोळा-सतरा वर्षांच्या वयातले संकल्प बहुधा फार काळ टिकत नाहीत, हा टिकला. महात्माजींच्या असहकाराच्या हाकेस प्रतिसाद देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठातून, लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून, त्यांनी एम.ए.ची पदवी संपादन केली. त्यानंतर कामगारांचे नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. गिरणी कामगारांचे कष्ट आणि जगभरच्या श्रमिकांचे प्रश्न त्यांनी तेथे जवळून पाहिले. अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि हे काम सोडावे लागले.

सन १९२९ मध्ये ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले. हे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात असून त्या काळी निजामाच्या राज्यात होते. येथेच त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. ही परंपरा स्वामी रामतीर्थांची. लाहोरला गणिताचे प्राध्यापक असलेल्या रामतीर्थांनी संन्यास घेऊन १९०२ ते १९०४ या काळात जपान व अमेरिकेत वेदान्ताची व्याख्याने दिली होती. १९०६ मध्ये, अवघ्या तेहतीस वर्षांच्या वयात, टिहरीजवळ त्यांना जलसमाधी लाभली. एकच चैतन्य चराचरात भरलेले आहे, हे नुसते पाठ म्हणण्यासाठी नसून व्यवहारात उतरविण्यासाठी आहे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होय. रामानंद तीर्थांनी तो शब्दशः स्वीकारला. प्रत्येक जीवात तीच ईश्वरी शक्ती नांदत असेल, तर माणसाला मान खाली घालून जगावयास लावणारी राजवट ही त्या शक्तीचीच विटंबना ठरते, आणि ती उघड्या डोळ्यांनी पाहत राहणे संन्याशाला शोभत नाही, ही त्यांची धारणा होती. त्यामुळे दीक्षेनंतर ते हिमालयात गेले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याच शाळेत मुलांना शिकवू लागले.

सन १९३५ मध्ये ते अंबाजोगाईस आले. या गावाला निजामी अमलात मोमिनाबाद असे नाव होते. येथे योगेश्वरी देवीच्या नावाने योगेश्वरी नूतन विद्यालय सुरू झाले आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे निष्ठावंत सहकारी त्यांच्या सोबत राहिले. शक्तीच्या उपासकांनी हे नाव आवर्जून लक्षात ठेवावे. आपण देवीपुढे खण-नारळ ठेवून बळ मागतो. स्वामीजींनी देवीचे नाव शाळेला देऊन गोरगरिबांच्या मुलांच्या हाती पाटी दिली. या शाळांतून स्वातंत्र्यसंग्रामाला कार्यकर्त्यांची एक फळीच मिळाली.

त्या काळची स्थिती आज सांगून खरी वाटणार नाही. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. राज्यकारभाराची आणि उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. सभा घ्यावयाची तर परवानगी, खासगी शाळा काढावयाची तर परवानगी. सन १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढल्याच वर्षी लातूरला दुसरे. हळूहळू शाळामास्तर संन्यासी हा चळवळीचा सूत्रधार बनला. सन १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर महिन्यात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी उस्मानियातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल त्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. त्यांनी स्वामीजींना आजन्म गुरुस्थानी मानले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह संस्थानात सुरू होते. भगवी कफनी घातलेला मनुष्य त्यांत सामील होईल, असे अनेकांनी गृहीत धरले. स्वामीजींनी आपला लढा कटाक्षाने वेगळा ठेवला. हा झगडा हिंदू प्रजा आणि मुसलमान राजा यांचा नाही. जबाबदार राज्यपद्धती मागणारी प्रजा आणि ती नाकारणारी सरंजामशाही यांचा आहे, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत बदलली नाही. सरकारने तरीही त्यांच्या संघटनेला जातीय ठरविले. उलटपक्षी, काही हिंदूंना हे स्वामी पुरेसे हिंदू वाटले नाहीत. दोन्हीकडचे बोल ऐकत राहणे हे तुरुंगवासापेक्षा सोपे नसावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

महात्माजींच्या सल्ल्यावरून डिसेंबर १९३८ मध्ये सत्याग्रह थांबविण्यात आला. पुढे १९४० मधील वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ मधील चले जाव आंदोलन यांतही स्वामीजींना कारावास घडला. तुरुंगात त्यांचे वाचन अखंड चाले. वेदान्ताबरोबरच समाजवादी विचारांचा अभ्यास त्यांनी केला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे तरुण आणि गांधीवादी वृद्ध या दोघांनाही एका छत्राखाली ठेवू शकणारे स्वामीजी हे जवळपास एकमेव नेते होते. युरोपात हुकूमशाह्या माजल्या होत्या, आशियात वसाहती जाग्या होत होत्या. हैदराबादचा प्रश्न या जागतिक उलथापालथीचाच एक भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्याचा प्रत्यय पुढे आलाच. १९४८ साली निजामाने आपले शिष्टमंडळ थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाडले. आपल्या नांदेड-लातूरच्या खेड्यांचा प्रश्न असा सातासमुद्रापार पोहोचला होता.

जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. देश स्वतंत्र होत असताना निजामाने स्वतंत्र राहण्याचा पवित्रा घेतला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींच्या नेतृत्वाखाली भारतात विलीन होण्यासाठी लढा सुरू झाला. १५ ऑगस्टला अवघा देश आनंदोत्सवात असताना स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर जैसे थे करार झाल्यावर त्यांची सुटका झाली. पण २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरातच वकिली करणारा होता. एकाच परिसराने दोन टोकांची माणसे पाहिली. संस्थानाच्या सरहद्दीवर ठिकठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्या रकमेचा हिशेब नंतर चोखपणे देण्यात आला, हे संस्थानच्या हिशेबवह्या सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यास विशेष वाटते. ऑगस्टमध्ये इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची, विलीनीकरणाची बाजू मांडल्याबद्दल, हैदराबादेत हत्या झाली. हा लढा केवळ हिंदूंचा होता असे मानणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. गावोगाव गुढ्या उभारल्या गेल्या. परंतु त्यानंतर जे घडले ते भाविकांपासून लपविणे उचित नव्हे. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड अनेक गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर उगविला गेला. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा नांदेड, उस्मानाबाद, बीदर व गुलबर्गा या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे तिला आढळले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ज्या चैतन्याच्या एकत्वासाठी स्वामीजींनी वर्षानुवर्षे तुरुंग सोसला, त्याचाच विसर विजयाच्या क्षणी त्यांच्याच भूमीत पडला.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजींना मंत्रिपद अवघड नव्हते. ते त्यांनी घेतले नाही. सत्ता आली आणि सहकाऱ्यांत गट पडले, काही जिवाभावाचे कार्यकर्ते दुरावले. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून व १९५७ मध्ये औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्य मोडून भाषेनुसार त्याची विभागणी व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. कन्नड मुलखात जन्मलेल्या, मराठवाड्यात वाढलेल्या आणि हैदराबादेत राहिलेल्या माणसाने आपल्याच कर्मभूमीचे तीन भाग मागावेत, हे वरवर विचित्र दिसते. सामान्य माणसाचा कारभार त्याच्या भाषेत चालला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते घडून आले.

भूदानाचे कार्यही त्यांनी केले. ही चळवळ १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथूनच सुरू झाली होती. नांदेड येथे १९५० मध्ये निघालेले पीपल्स कॉलेज त्यांच्याच अध्यक्षतेखालील संस्थेचे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही त्यांच्याच प्रेरणेची. हिच्या नांदेड येथील केंद्रात राष्ट्रध्वज तयार होतात व देशभर जातात. सन १९६७ मध्ये त्यांनी हैदराबाद स्वातंत्र्यसंग्रामाच्या आठवणी इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांनी देह ठेवला. बेगमपेठ भागात त्यांची समाधी आहे.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्यास जोडलेली आहेत. विष्णुपुरीस गोदातीरी काळेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना विद्यापीठाचा परिसर जवळच पडतो. अंबाजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनास गेल्यास तेथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयावरही हेच नाव दिसेल. खेड्यापाड्यांतील रुग्ण तेथे मोठ्या संख्येने येतात.

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त सकाळच्या आरतीनंतर संस्थानच्या प्रांगणात ध्वजवंदन होते. त्या दिवशी मुक्कामास असणाऱ्या भाविकांनी व देणगीदारांनी अवश्य उपस्थित राहावे. अभिषेकाच्या पावत्या त्या सकाळी ध्वजवंदनानंतर दिल्या जातील.