एक्स-रेचा शोध लागण्याआधीच मनगटातलं फ्रॅक्चर नेमकं ओळखणारे डॉ. अब्राहम कॉलिस

घसरून पडताना माणूस आपोआप हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. अशा वेळी अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडलं आणि तुकडा मागे सरकला, तर त्याला आजही 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या डॉक्टरांनी आयुष्यात कधी एक्स-रे पाहिला नव्हता.

अब्राहम कॉलिस यांचा जन्म १७७३ चा, आयर्लंडमधल्या किल्केनीजवळचा. डब्लिन आणि एडिंबरामध्ये शिकून ते डब्लिनच्या स्टीव्हन्स हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले. १८०२ मध्ये, वयाच्या तिशीआधीच, ते आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले.

त्या काळी असं मनगट सुजून वाकडं झालं की बहुतेक डॉक्टर सांधा निखळला असं समजत. निदान चुकलं की उपचार चुकायचे आणि हात कायमचा वाकडा राहायचा. १८१४ मध्ये कॉलिस यांनी लेख लिहून दाखवून दिलं, की सांधा जागेवरच असतो. हाड मोडलेलं असतं ते सांध्याच्या साधारण दीड इंच वर.

त्यांची तपासणी साधी होती. एका हाताची बोटं दुखऱ्या जागी ठेवायची आणि दुसऱ्या हाताने रुग्णाचा हात हळूच ओढायचा. मनगट सरळ होतं. मग हात मागे-पुढे हलवला की मोडलेल्या जागी हाड हलताना बोटांना जाणवतं. सोडलं की मनगट पुन्हा वाकडं!

असं मोडलेलं हाड शवविच्छेदनात पाहण्याची संधीही त्यांना तोवर मिळाली नव्हती. तरीही निदान अचूक ठरलं.

१८४३ मध्ये त्यांचं निधन झालं. आपल्या आजाराचं कारण कळावं म्हणून आपलं शवविच्छेदन करा, असं त्यांनी सहकारी रॉबर्ट स्मिथ यांना आधीच लिहून कळवलं होतं. याच स्मिथ यांनी पुढे, तुकडा तळहाताच्या बाजूला सरकतो त्या उलट प्रकारच्या फ्रॅक्चरचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये.

पण बोटांची तपासणी आजही सुटलेली नाही. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल, तर 'स्कॅफॉइड' हे छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ही चीर अनेकदा दिसत नाही. म्हणून डॉक्टर हाताला आधार बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी असल्याने दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. एक्स-रे नॉर्मल आला तरी तिथलं दुखणं अंगावर काढू नका.