मातीचा जमाखर्च

सर अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले ते शेती सुधारावयास. परंतु येथील शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच त्यांनी गुरू केले. पुढे होळकरांच्या इंदुरात, १९२४ पासून, पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. १९३० साली गॅब्रिएल निवर्तल्या. १९३१ साली हॉवर्ड मायदेशी परतले आणि १९४७ साली मृत्यू येईपर्यंत रासायनिक खतांच्या पुरस्कर्त्यांशी झुंजले. त्यांच्या पद्धतीला कष्ट फार पडतात, हा आक्षेप खराच. परंतु जमिनीची सुपीकता हे भांडवल होय. ते खाऊन काढलेल्या पिकाला निव्वळ उत्पन्न म्हणणे, हा हिशेबच खोटा!