खर्ड्याच्या रणांगणावरील रेमंड, अर्थात हैदराबादचा मूसाराम

जामखेड तालुक्यातील खर्डा गावी निंबाळकरांचा किल्ला उभा आहे. 11 मार्च 1795 रोजी मराठे व निजाम यांची लढाई ह्याच परिसरात झाली. मराठ्यांचा विजय आपण शाळेत वाचलेला असतो. परंतु निजामाच्या बाजूने लढलेल्या फ्रेंच सेनानीचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. त्याच्याविषयी आज लिहावे असे आम्हांस वाटले.

मिशेल जोआकीम मारी रेमंड ह्याचा जन्म 1755 साली फ्रान्सच्या गास्कनी प्रांतात झाला. व्यापारासाठी तो पाँडिचेरीस आला आणि लवकरच शिपाईगिरीकडे वळला. प्रथम हैदरअलीच्या पदरी, मग बुसीच्या हाताखाली आणि 1786 च्या सुमारास निजामाकडे. तेथे त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, तोफा ओतण्याचा कारखाना काढला. हैदराबादेतील गनफाउंड्री ह्या वस्तीचे नाव त्या कारखान्यावरून पडले.

खर्ड्यास त्याच्या पलटणी नेटाने लढल्या. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या आणि त्यांचा सेनानी पेराँ हाही फ्रेंचच! एका देशाची, एका धर्मसंस्कारात वाढलेली दोन माणसे परक्या धन्यांसाठी एकमेकांवर तोफा डागत होती. वेतनासाठी तलवार विकण्याचा हा व्यवसाय आम्हांस आजही अस्वस्थ करतो. रात्री निजामाचा धीर सुटला. त्याने रेमंडला मागे बोलावले, खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि दोन दिवसांत तह मान्य केला.

त्याच वर्षी निजामाचा पुत्र अलीजाह ह्याने बंड केले, तेही रेमंडनेच मोडले. 25 मार्च 1798 रोजी त्याचा मृत्यू झाला. सहा-सात महिन्यांतच इंग्रजांनी त्याची फौज बरखास्त केली. फौज गेली, तोफा गेल्या. लोकांची माया मात्र उरली. मुस्यू ह्या फ्रेंच संबोधनाचे मूसा झाले. हिंदू त्याला मूसाराम म्हणत, मुसलमान मूसा रहीम. सरूरनगरजवळच्या टेकडीवर त्याची कबर आहे. पुण्यतिथीस लोक तेथे जमत, ऊद जाळीत, दिवे लावीत. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या ह्या परदेशी शिपायासाठी दोन्ही समाजांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केले.

हैदराबादेतील मूसारामबाग ही वस्ती त्याच्याच नावाची. 2018 पासून तेथील मेट्रो स्थानकही ह्याच नावाने ओळखले जाते.