डार्विनचं स्लॅम बुक

दिवाळीच्या सुट्टीत घरचा माळा साफ करायचं काम माझ्यावर आलं आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत आतेबहिणीचं स्लॅम बुक सापडलं. साल २००३. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. गुलाबी पानं, कोपऱ्यात बदाम, आणि प्रत्येक पानावर तेच प्रश्न : आवडता खेळ, आवडतं पुस्तक, आवडता पदार्थ, आवडतं गाणं, आवडता जोक. एकेकाची उत्तरं वाचून हसून हसून पुरेवाट झाली. शेवटचं एक पान कोरं राहिलं होतं. म्हटलं, चला, आपण भरू.

पदार्थ लगेच लिहिला, मिसळ. मग गाडी अडली. खेळ बॅडमिंटन लिहिणार होते, पण रॅकेटला शेवटचा हात अकरावीत लागलाय. पुस्तक? शाळेत असताना मी आठवड्याला दोन पुस्तकं संपवायचे. आता वाचते ते लोकल ऑथर, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री. गाणं? सातवीपर्यंत पेटी शिकले, पुढे काय झालं ते आठवतसुद्धा नाही. पान अर्धंच राहिलं.

सुट्टी संपवून होस्टेलवर आले. लायब्ररीत सबमिशनसाठी भलतंच काहीतरी शोधत असताना चार्ल्स डार्विनचं आत्मचरित्र हाती लागलं. छोटंसं पुस्तक आहे. १८७६ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याने ते आपल्या मुला-नातवंडांसाठी लिहिलं. माकडाचा माणूस कसा झाला ते असेल म्हणून उघडलं, आणि निघालं ते एका माणसाच्या आवडीनिवडींचं पुस्तक! म्हणून त्याच्या नावाचं पान मी भरते आहे. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.)

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचा. वडील डॉक्टर, घरची सुबत्ता. तो आठ वर्षांचा असताना आई गेली. मग त्याला गावातल्याच बोर्डिंगच्या शाळेत घातलं. आणि इथे आपल्या वाचकांना तो एकदम आपला वाटेल. घर शाळेपासून फक्त मैलभर, त्यामुळे हा पठ्ठ्या संध्याकाळची हजेरी झाली की पळत पळत घरी जायचा आणि गेट बंद व्हायच्या आत पळत परत यायचा. वाटेत उशीर होतोय असं वाटलं की देवाचा धावा करायचा. वेळेवर पोचला की श्रेय देवाला द्यायचा, स्वतःच्या पायांना नाही! रेक्टर मॅडमच्या वहीत सही करायला नऊ वाजून एक मिनिटाने धापा टाकत पोचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शाळेत तो हुशार वगैरे अजिबात नव्हता. पाठांतर केलेलं दोन दिवसांत विसरायचा. मोठ्या भावाबरोबर घरच्या बागेतल्या शेडमध्ये रसायनांचे प्रयोग करायचा, म्हणून मुलांनी नाव पाडलं ‘गॅस’. हेडमास्तरांनी त्यावरून सगळ्यांसमोर झापलंही. पण हाच मुलगा शाळेच्या जाड भिंतीतल्या एका खिडकीत बसून तासन्‌तास शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं वाचायचा. स्कॉट, बायरनच्या कविताही. ही खिडकी लक्षात ठेवा.

वडिलांनी त्याला १८२५ मध्ये एडिंबरोला मेडिकलला घातलं. आपल्यातल्या निम्म्या लोकांसारखं, विचारलं कोणी होतं? तिथे त्याने दोन ऑपरेशन्स पाहिली, त्यातलं एक लहान मुलावरचं. क्लोरोफॉर्म यायला अजून वीसेक वर्षं होती. ऑपरेशन संपायच्या आत तो बाहेर पळाला तो पुन्हा आत गेलाच नाही. त्या दोन वर्षांत शिकला काय, तर गुलामगिरीतून सुटून आलेल्या जॉन एडमन्स्टन या कृष्णवर्णीय गृहस्थांकडून पक्ष्यांमध्ये पेंढा भरण्याची कला. पुढे तीच त्याच्या सगळ्यात जास्त कामाला आली.

मेडिकल सुटलं, तेव्हा पाद्री तरी होईल म्हणून वडिलांनी केंब्रिजला धाडलं (१८२८). शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणं सोडून ह्याला कशातच गम्य नाही, हा घराण्याचं नाव घालवणार, असं ते एकदा चिडून बोलले होते. ते वाक्य डार्विन म्हातारपणीही विसरला नव्हता. पण वडिलांचं चुकलं होतं असंही म्हणता येत नाही! शिकारीचं वेड एवढं की रात्री बूट उघडे करून पलंगाशी ठेवायचा, सकाळी ते चढवण्यात अर्धं मिनिट वाया जायला नको म्हणून. किती पक्षी मारले याचा हिशेब कोटाच्या बटणाला बांधलेल्या दोरीत गाठी मारून ठेवायचा. एकदा दोन मित्रांनी ठरवून त्याची फिरकी घेतली. ह्याने गोळी झाडली की एक जण आपलीही बंदूक भरायचं नाटक करायचा आणि म्हणायचा, हा मोजू नकोस, मीही त्याच वेळी बार काढला. रखवालदारही त्यांना सामील. काही तासांनी त्यांनी खरं सांगितलं, पण तोवर किती गाठी बुडाल्या याचा पत्ता नव्हता. पन्नासेक वर्षांनी ही गोष्ट लिहितानाही बिचाऱ्याचा जीव त्या गाठींमध्ये अडकलेला दिसतो.

भुंगेऱ्यांचं वेड त्याहून मोठं. एका झाडाची साल सोलताना दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले, दोन्ही हातांत एकेक धरला. तेवढ्यात तिसरा दिसला. मग उजव्या हातातला सरळ तोंडात टाकला! त्याने असा काही जळजळीत रस सोडला की थुंकावा लागला. तो गेला, तिसराही गेला.

खाण्याचं तर विचारू नका. केंब्रिजमध्ये मित्रांचा एक ग्लटन क्लब होता, म्हणजे चक्क खादाड मंडळ. नियम एकच : माणसाने सहसा न खाल्लेला प्राणी-पक्षी खायचा. ससाणा झाला, बगळ्यासारखा एक पक्षी झाला. शेवटी एक म्हातारं तपकिरी घुबड पानात आलं आणि मंडळ बुडालं. आपल्या मेसच्या दुधी भोपळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी त्या घुबडाचं स्मरण करावं.

गाण्याचा किस्सा मला सगळ्यात आवडला. ह्याला सुरांचं अंग शून्य. बेसूर कळायचं नाही, ताल कळायचा नाही, साधं गुणगुणताही यायचं नाही. मित्र त्याची परीक्षा घ्यायचे. ओळखीचीच चाल जरा जलद किंवा जरा संथ वाजवायची आणि विचारायचं, ओळख पाहू. स्वतःच्या देशाचं राष्ट्रगीतसुद्धा त्याला ओळखता यायचं नाही! आणि तरीही हा माणूस किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये गाणं ऐकायला जायची वेळ साधून फिरायला निघायचा. ऐकताना पाठीच्या कण्यातून शिरशिरी जायची म्हणे. कधी कधी तर पैसे देऊन तिथल्या गाणाऱ्या मुलांना आपल्या खोलीवर बोलवायचा. कळत काहीच नाही, पण आवडतं प्रचंड. मला वाटतं खरी आवड हीच. आपण आपलं परीक्षा देता येईल तेवढंच आवडून घेतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांचा नकार, मामाची मध्यस्थी, आणि २७ डिसेंबर १८३१ ला ‘बीगल’ जहाजातून निघालेला बावीस वर्षांचा डार्विन. तो २ ऑक्टोबर १८३६ ला परत आला. बोट लागायची ती शेवटपर्यंत. जमिनीवर उतरून भटकायला जाताना एकच पुस्तक नेता येणार असेल तर तो मिल्टनचं ‘पॅरडाईज लॉस्ट’ हे काव्य उचलायचा. खादाड मंडळही चालूच. कवचासकट भाजलेला आर्माडिलो खाल्ला, प्यूमा खाल्ला. पॅटागोनियात तो एका शहामृगासारख्या पक्ष्याच्या शोधात होता. नेहमीच्या ऱ्हियापेक्षा लहान, अशी त्याची ख्याती गावकऱ्यांकडून ऐकली होती. एक दिवस जहाजावरच्या चित्रकाराने एक पक्षी मारून आणला. ह्याला वाटलं नेहमीच्याच जातीचं पिल्लू. शिजवलं, जेवण झालं, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. डोकं, मान, पाय, पंख आणि बरंचसं कातडं अजून शिल्लक होतं, ते गोळा करून लंडनला पाठवलं. पक्ष्याला पुढे डार्विनचंच नाव मिळालं! गॅलापागोसवर मात्र नशीब एवढं चांगलं नव्हतं. कवचावरून कासव कुठल्या बेटावरचं ते ओळखता येतं, असं तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं. जहाजावर घेतलेली मोठी कासवं सगळ्यांनी मिळून फस्त केली आणि कवचं समुद्रात फेकली. पुरावाच पोटात गेला.

पण ह्याच प्रवासात एक गोष्ट गुपचूप घडली. सुरुवातीला तो स्वतः शिकार करायचा. मग हळूहळू बंदूक नोकराच्या हातात जाऊ लागली, आणि शेवटी ती त्याच्याकडेच राहिली. खडकांचा विचार करण्यात जी मजा होती ती बार काढण्यात उरली नाही. कोणी बंदी घातली नव्हती, वेळ नव्हता असंही नाही. रोज बूट उघडे ठेवणारा मुलगा कधी संपला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

परत आल्यावर लग्न करावं की नाही, याची त्याने १८३८ मध्ये चक्क यादी केली. विरुद्ध बाजूला : पुस्तकांना पैसे कमी पडतील, वेळ जाईल. बाजूने : सोबत होईल, काही झालं तरी कुत्र्यापेक्षा बरी! हे वाचून आमच्या विंगमध्ये त्याचा जाहीर निषेध करण्यात आला. त्याच बाजूला घरात संगीत असेल, असंही लिहिलं होतं, तेवढ्यावर शिक्षा कमी केली. जानेवारी १८३९ मध्ये मामेबहीण एमाशी लग्न झालं. ती पियानो उत्तम वाजवायची.

१८४२ पासून केंटमधल्या डाऊन या खेड्यात मुक्काम. दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. लाडकी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची होऊन गेली, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, मला जमणार नाही. पोटाच्या आजाराने तो आयुष्यभर हैराण होता. आठ वर्षं फक्त बार्नेकल या खडकांना चिकटून राहणाऱ्या प्राण्यांवर काढली. इतकी, की त्याच्या एका मुलाने शेजाऱ्यांबद्दल विचारलं, ते आपले बार्नेकल कुठे बसून करतात? सगळ्याच बाबांना हे काम असतं अशी त्याची समजूत! २४ नोव्हेंबर १८५९ ला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं. त्याबद्दल बाकीचे लोक लिहितात.

आणि मग आत्मचरित्रातलं ते पान येतं. तिशीपर्यंत कवितेने आपल्याला अपार आनंद दिला, असं तो सांगतो. मिल्टन, बायरन, वर्ड्‌स्वर्थ, शेली. आता एक ओळही सहन होत नाही. अलीकडे शेक्सपिअर पुन्हा हातात घेतला तर इतका कंटाळा आला की मळमळलं. तोच खिडकीतला शेक्सपिअर! गाणं लागलं की आनंद होण्याऐवजी हातातल्या कामाचेच विचार जोरात सुरू होतात. आपला मेंदू माहितीच्या ढिगाऱ्यातून नियम दळून काढणारं एक यंत्र झाला आहे, अशी त्याची तक्रार आहे. आयुष्य पुन्हा मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची आणि थोडं गाणं ऐकायचं, असा नियमच करेन, असंही तो म्हणतो.

मी मेकॅनिकलची. यंत्राची ही उपमा मला जरा जास्तच लागली. पुस्तक मिटून खाली चहाला गेले.

पण थांबा, पान अजून पूर्ण भरलेलं नाही. त्याच काळातलं त्याचं घर मुलगा फ्रान्सिस याने लिहून ठेवलंय, ते वाचलं की म्हाताऱ्याने स्वतःला जरा कमीच मार्क दिले असं वाटतं. एमा त्याला रोज कादंबरी वाचून दाखवायची. अट एकच, शेवट गोड हवा. दुःखी शेवटाविरुद्ध कायदा व्हावा असं त्याचं मत होतं. रोज रात्री दोघं बॅकगॅमन खेळायचे, म्हणजे आपल्या सारीपाटासारखा फासे-सोंगट्यांचा खेळ. गाठी मोजायची सवय गेली नव्हती. १८७६ मध्ये एका मित्राला त्याने स्कोअर कळवला : एमा २४९०, आपण २७९५! गोड खायला डॉक्टरांची मनाई, म्हणून तो गोड सोडल्याच्या शपथा घ्यायचा. पण मोठ्याने घेतली असेल तरच शपथ लागू, मनातल्या मनात घेतलेली मोजायची नाही.

शेवटचं पुस्तक गांडुळांवरचं, १८८१ चं. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला घरात त्यांना बसून वाजवून दाखवलं. (वाद्याचं नावच ‘बसून’ आहे, मोठ्या पिपाणीसारखं असतं.) गांडुळं ढिम्म. पियानो वाजवला, ढिम्म. मग त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि एक सूर दाबला, तशी ती झटकन बिळात गेली. ऐकू येत नव्हतं, पण कंप जाणवत होता. हा प्रयोग ज्याला सुचला त्याला केंब्रिजच्या चॅपलमधली ती शिरशिरी आठवली असेल का, हा मला पडलेला प्रश्न.

त्याच वर्षी जूनमध्ये हान्स रिश्टर हा मोठा संगीतकार घरी आला आणि पियानोवर बसला. डार्विन अक्षरशः हरखून गेला, असं फ्रान्सिस सांगतो. पुढच्या वर्षी १९ एप्रिलला तो गेला. तोवर एमा वाजवायची आणि तो सोफ्यावर पडून ऐकायचा. कितीदा ऐकलेली चाल असली तरी ओळखू यायची नाही. पण आवडायची नेमकी तीच, आणि प्रत्येक वेळी तो नव्याने विचारायचा की हे छान आहे, कोणतं आहे हे?

तर ‘आवडतं गाणं’ या रकान्यात मी त्याच्या नावापुढे लिहिलंय : खूप छान आहे, नाव माहीत नाही.