टेसचा कैवारी : थॉमस हार्डी

रुळांशी आणि खडीशी नाते असलेल्या माझ्यासारख्या डिप्लोमा इंजिनिअरने इंग्रजी कादंबरीकारावर लिहावे, याचे मंडळातील काही जणांना नवल वाटेल. पण आमची ओळख रेल्वेमुळेच झाली. काही वर्षांपूर्वी दुहेरीकरणाच्या कामात नव्या लाइनच्या आखणीत एक जुनी दफनभूमी येत होती. बैठका, अर्ज, रडारड, सगळे झाले. अशा वेळी इतरत्र काय करतात हे शोधताना लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनची हकीकत वाचनात आली आणि तिथे हार्डी भेटला.

1860च्या दशकाच्या मध्याला मिडलँड रेल्वेची लाइन जुन्या सेंट पँक्रास चर्चच्या कबरस्तानातून जाणार होती. प्रेतांची विटंबना होऊ नये म्हणून लंडनच्या बिशपने आर्थर ब्लूमफील्ड या वास्तुविशारदाला देखरेखीस नेमले. ब्लूमफील्डने संध्याकाळची पाळी आपल्या तरुण मदतनिसावर सोपवली. तो हार्डी, वय पंचविशीचे. उंच कुंपणाआड, मशालींच्या उजेडात शवपेट्या निघत आणि दुसरीकडे पुरल्या जात. एका पेटीत सांगाडा एक आणि कवट्या दोन निघाल्या! तिथल्या एका झाडाभोवती रचलेले जुने कबरीचे दगड 'हार्डीचे झाड' म्हणून प्रसिद्ध होते. ते दगड त्यानेच रचले याला पुरावा नाही. झाड डिसेंबर 2022 मध्ये पडले.

हार्डीचा जन्म 2 जून 1840चा, दक्षिण इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या हायर बॉकहॅम्प्टन नावाच्या वस्तीत. वडील गवंडीकाम करणारे छोटे कंत्राटदार, आई पूर्वी मोठ्या घरांतून स्वयंपाकाला असलेली, पण वाचनाची वेडी. जन्मताच मूल मेलेले समजून बाजूला ठेवले होते. सुईणीचे लक्ष गेले म्हणून वाचले. तो सात वर्षांचा असताना, 1847 मध्ये, जवळच्या डॉर्चेस्टर गावाला रेल्वे आली. जुनी लोकगीते मागे पडून शहरी गाणी येताना त्याने पाहिली. सोळाव्या वर्षी तो वास्तुविशारदाकडे उमेदवारीला लागला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. पहाटे उठून ग्रीक शिकला ते स्वतःच्या हौसेने. पदवी नसल्याची बोच त्याला जन्मभर राहिली. (डिप्लोमावाल्यांना हे वेगळे सांगायला नको!)

त्याच वर्षी, ऑगस्ट 1856 मध्ये, डॉर्चेस्टरच्या तुरुंगाच्या दारावर मार्था ब्राऊन या बाईला जाहीर फाशी झाली. नवऱ्याने चाबकाने मारले, तेव्हा तिने कुऱ्हाडीने त्याचा जीव घेतला होता. पावसात हजारोंची गर्दी जमली, त्यात हा पोरगाही होता. काळ्या रेशमी झग्यातली ती लोंबकळणारी आकृती म्हातारपणापर्यंत त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. पुढे पस्तीस वर्षांनी त्याने 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' लिहिली, तिची पहिली ठिणगी मला इथे दिसते.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. 1870 मध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट ज्युलियट येथे चर्चच्या दुरुस्तीसाठी गेला असता एमा गिफर्ड भेटली, 1874 मध्ये लग्न झाले. त्याच वर्षी 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' गाजली आणि वास्तुशास्त्राचा धंदा सुटला. 1885 मध्ये डॉर्चेस्टरजवळ मॅक्स गेट हे घर बांधले. नकाशा स्वतःचा, बांधकाम वडील आणि भावाचे.

आता टेस. गरीब, दारूबाज बापाला कळते की आपण एका जुन्या सरदार घराण्याचे वंशज. घरचा घोडा अपघातात मरतो, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या टेसला त्या आडनावाच्या श्रीमंत घरी कामाला धाडतात. गंमत अशी की खरे वंशज चिखलात आणि ते श्रीमंत नकली, व्यापाऱ्याने उचललेले आडनाव! त्या घरचा मुलगा अलेक रानात, रात्री, ती झोपेत असताना तिचा घात करतो. मूल होते. ते आजारी पडल्यावर टेस स्वतःच, धाकट्या भावंडांना भोवती उभे करून, त्याचा बाप्तिस्मा करते. मूल जाते. पाद्री धर्मविधीने पुरायला तयार होत नाही. दारुडे आणि आत्महत्या केलेले जिथे पुरत त्या कोपऱ्यात त्याला जागा मिळते. ती तिथे मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत फुले ठेवते.

पुढे गवळीवाड्यात एंजल क्लेअर भेटतो. पावसात दोघे गाडीतून दुधाचे कॅन छोट्या स्टेशनवर पोहोचवतात. ते दूध उद्या सकाळी लंडनकर पितील, आणि त्यांनी तर गायही पाहिलेली नसेल, असे तिच्या मनात येते. मिल्क स्पेशल पाहिलेल्या कोणालाही हा प्रसंग आवडेल. लग्नाच्या रात्री एंजल आपली जुनी चूक कबूल करतो, ती तत्काळ क्षमा करते. मग ती आपली हकीकत सांगते. तो क्षमा करत नाही! ब्राझीलला निघून जातो. बाप मरताच त्याच्या हयातीपुरता असलेला घराचा पट्टा संपतो, कुटुंब रस्त्यावर येते आणि भावंडांच्या पोटासाठी टेस पुन्हा अलेककडे जाते. एंजल परत येतो, पण उशिरा. ती अलेकचा खून करते आणि फाशी जाते. हार्डी फाशी दाखवत नाही, तुरुंगाच्या मनोऱ्यावर चढणारे काळे निशाण फक्त दाखवतो. मार्था ब्राऊनची फाशी पाहिलेल्या माणसाने घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

ही कादंबरी छापायला कोणी धजेना. एका वृत्तसंस्थेने करार मोडला, दोन मासिकांनी परत पाठवली. शेवटी 1891 मध्ये 'ग्राफिक' साप्ताहिकात आली ती कापून. त्यात खोट्या लग्नाने टेसची फसवणूक झाल्याचे दाखवले आणि मूल गाळले. एंजल दूध काढणाऱ्या मुलींना उचलून पाण्यापलीकडे नेतो, तिथेसुद्धा चाकाची ढकलगाडी घालावी लागली! वर्षअखेरीस पुस्तक निघाले, तेव्हा त्याने बहुतेक मजकूर परत घातला आणि उपशीर्षकात टेसला निष्कलंक म्हटले. त्या एका शब्दावर विलायतेत भांडणे झाली. 1895 मध्ये 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' आली, ती आपण आगीत टाकल्याचे एका बिशपने जाहीर केले. हार्डीने कादंबरी लिहिणे सोडले आणि उरलेली तीस वर्षे कविता लिहिल्या.

आपल्याकडे 1967 च्या 'दुल्हन एक रात की' या हिंदी चित्रपटात आपल्या नूतनने ही टेस केली. मदन मोहनची गाणी पुष्कळांना आठवतील, पण मूळ कथा हार्डीची हे क्वचितच कोणाला ठाऊक असते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. टेसला समजून घेणारा हा माणूस घरात एमाशी धड बोलत नव्हता. शेवटची वर्षे ती मॅक्स गेटच्या माळ्यावरच्या खोल्यांत राहिली. नोव्हेंबर 1912 मध्ये ती अचानक गेली, आणि मग हा बहात्तर वर्षांचा गृहस्थ कॉर्नवॉलच्या त्याच कड्यांवर जाऊन आला आणि तिच्यावर कविता लिहीत बसला. 1914 मध्ये त्याने फ्लॉरेन्स डग्डेलशी लग्न केले. पहिल्या बायकोवरच्या कविता दुसरीला वाचाव्या लागल्या. तिला काय वाटले असेल? टेसच्या लेखकाने एवढे तरी ओळखायला हवे होते.

11 जानेवारी 1928 रोजी हार्डी वारला. त्याला आपल्या गावी पुरून घ्यायचे होते, पण थोरामोठ्यांना तो लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत हवा होता. तोडगा निघाला. रक्षा ॲबेत नेली, खांदेकऱ्यांत पंतप्रधान बाल्डविन, बर्नार्ड शॉ आणि मुंबईत जन्मलेले किपलिंग होते. हृदय आधीच काढून ठेवले होते. ते त्याच दिवशी स्टिन्सफर्ड गावच्या चर्चच्या आवारात, एमाच्या कबरीत पुरले.