अनिता लिसाना

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नावाचा एक लांबट, चिंचोळा देश आहे. त्याच्या एका बाजूस अँडीज पर्वताची रांग, तर दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर. या देशाच्या सांतियागो या राजधानीत १९१५ साली अनिता लिसाना हिचा जन्म झाला.

तिचे वडील टेनिस शिकवीत असत. त्यामुळे रॅकेट आणि चेंडू यांची ओळख तिला बालपणीच झाली. अनिता लहान चणीची होती; जोरकस फटक्यांत धिप्पाड खेळाडूंशी तिचा निभाव लागणे कठीण. पण तिचे पाय चपळ होते आणि नजर अचूक होती. चेंडू जाळीलगत अलगद टाकून ती प्रतिस्पर्ध्याला चकवीत असे.

मायदेशात नाव मिळविल्यावर १९३५ साली ती इंग्लंडला गेली. त्या काळी हा कित्येक दिवसांचा सागरप्रवास होता. १९३६ साली विंबल्डनच्या उपान्त्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या हेलन जेकब्सशी तिने तीन सेटपर्यंत झुंज दिली; परंतु ती हरली. पुढच्या वर्षीही त्याच फेरीत तिला पराभव पत्करावा लागला. तरी ती खचली नाही. त्याच वर्षी, १९३७ च्या सप्टेंबरात, ती न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्सच्या मैदानावर उतरली. अमेरिकेच्या त्या अजिंक्यपद स्पर्धेत तिने एकही सेट गमावला नाही. अंतिम सामन्यात पोलंडच्या यादविगा येंजेयोव्स्काला तिने ६-४, ६-२ असे नमविले. जगातील चार प्रमुख टेनिस स्पर्धांपैकी एकीचे एकेरीतील अजिंक्यपद दक्षिण अमेरिकेतील खेळाडूने जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्या वर्षी जगातील स्त्री-खेळाडूंत तिला पहिले स्थान देण्यात आले.

१९३८ साली स्कॉटलंडचे टेनिसपटू रोनाल्ड एलिस यांच्याशी तिचा विवाह झाला व अनिताबाई डंडी शहरी राहू लागल्या. लवकरच महायुद्ध पेटले. विंबल्डनची स्पर्धा सहा वर्षे बंद राहिली आणि खेळाच्या ऐन उमेदीचा काळ निघून गेला. तरीही युद्ध संपताच, १९४६ साली, त्यांनी स्कॉटलंडचे अजिंक्यपद पुन्हा जिंकले.

१९९४ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे सांतियागोच्या राष्ट्रीय क्रीडासंकुलातील मुख्य टेनिस मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या शहरात एका चिमुकल्या मुलीने रॅकेट हाती धरली, त्याच शहराने तिची स्मृती अशी जपली आहे. शरीराची उंची कोणाच्या हाती नसते; पराभवानंतर पुन्हा मैदानात उतरणे मात्र आपल्याच हाती असते.