विकला गेला, पण वाकला नाही

दुसऱ्या वर्षाला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचचं लेव्हलिंग काही केल्या जुळेना. सर वैतागले. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं आणि तुम्हाला ग्राउंडचा चढउतार काढता येत नाही, असं काहीसं बोलले. आम्ही हसलो. पण त्याच रात्री होस्टेलच्या नळाला पाणी नव्हतं. बादली घेऊन रांगेत उभा असताना ते नाव डोक्यात फिरत राहिलं.

मी मूळचा नगरचाच. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. भुईकोट किल्ला शाळेच्या सहलीत पाहिलेला. चांदबीबी माहीत, नेहरू तिथं कैदेत होते तेही माहीत. मलिक अंबर म्हणजे मात्र परीक्षेपुरती दोन ओळींची टीप! म्हणून लायब्ररीत बसून वाचायला घेतलं, आणि सबमिशन बाजूलाच राहिलं.

हा माणूस नगरचा नव्हताच. साधारण १५४८ च्या सुमारास तो आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात जन्मला. त्या देशाला तेव्हा हबश म्हणत, म्हणून तिथले लोक हबशी. घरचं नाव चापू. पोरवयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असे बाजार आणि मालक बदलत गेले. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढं १५७० नंतरच्या वर्षांत दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगीझखान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होता. इथे गुलाम शेतात राबायला नाही, तर लढायला आणि कारभाराला आणले जात. चंगीझखान वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केलं.

मुक्त झाला, पण हाती काही नव्हतं. जवळपास वीस वर्षं त्याने भाडोत्री शिपाईगिरी केली. विजापूरकरांनी त्याला मलिक हा किताब दिला. १५९५ मध्ये तो निजामशाहीत परतला. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली, किल्ला अकबराच्या फौजेने घेतला आणि सुलतान कैद झाला. खेळ संपला असं सगळ्यांनाच वाटलं असणार. अंबरने मात्र परांड्याला दुसरा मुर्तझा निजामशहा गादीवर बसवला आणि आपली मुलगी त्याला दिली. गादी सुलतानाची, कारभार अंबरचा! राजधानी परांड्याहून जुन्नर आणि मग दौलताबादला गेली. १६१० मध्ये त्याने नगरचा किल्लाही परत घेतला, पुढे तो पुन्हा गमावला.

समोरासमोर मुघलांना हरवणं शक्य नाही हे तो ओळखून होता. म्हणून मराठा घोडेस्वार हाताशी धरून रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात पसार व्हायचं, असं त्याने वर्षानुवर्षं चालवलं. नगरजवळच्या भातवडीला १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौज एकत्र चालून आली. अंबरने तलावाचं पाणी सोडून वाटेचा चिखल केला. शत्रूचे हाल झाले. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

आता आपल्या विषयाचं. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी हवं म्हणून उत्तरेकडच्या डोंगरातून भूमिगत नहर आणली, नहर-ए-अंबरी. ना पंप, ना टोटल स्टेशन. सगळं काम नुसत्या उतारावर! शेतसाऱ्यासाठीही जमिनीचा कस आणि पीक पाहून आकारणी बसवली.

जहांगीर त्याच्यावर किती चिडून होता, हे एका चित्रात दिसतं. १६१६ च्या सुमारास अबुल हसनने काढलेल्या त्या चित्रात भाल्यावर अंबरचं तोडलेलं डोकं आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात हे कधी घडलंच नाही. जे रणात जमलं नाही, ते कागदावर उरकलं! १६२६ मध्ये अंबर म्हातारपणाने वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. दहा वर्षांत निजामशाही बुडाली.

त्याच शतकात आफ्रिकेतून असंख्य माणसं जहाजांत कोंबून कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यात नेली गेली. त्यांचे वंशज आज चित्रांतून, शिल्पांतून ती आठवण जपतात. आपल्याकडे ती आठवण जमिनीखालच्या नहरीत आणि भातवडीच्या रानात आहे. मला एक गोष्ट मात्र खटकते. अंबरच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. स्वतः सुटलेल्या माणसाने बाजार बंद केला नाही. त्याला देव करायचं कारण नाही, पण दोन ओळींत गुंडाळायचंही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मित्राच्या गाडीवर भातवडीला जाऊन आलो. तलावाच्या काठावर बराच वेळ बसलो. परत आल्यावर लेव्हलिंग पुन्हा केलं. या वेळी जुळलं.